कचरा जाळणाऱ्या आणखी भट्ट्या आपल्याला हव्यात का?

अनघा_द (धागाकर्ती)

मोशीच्या डेपोवर कचऱ्यापासून वीज करणारा पिंपरी-चिंचवडचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. सुमारे ३०० कोटी रुपये खर्च, १४ मेगावॉट, वर्षाला अडीच लाख टन कचरा. त्याआधी २०२० मध्ये मुंबईतल्या देवनारच्या डेपोसाठी रोज ६०० टनांच्या प्रकल्पाचं काम दिलं गेलं होतं. तेव्हापासून कचऱ्याचा विषय निघाला की "अशा आणखी चार भट्ट्या टाका, प्रश्न मिटला" हे हमखास ऐकू येतं. परवा आमच्या प्रभागाच्या बैठकीत तेच झालं. मी घनकचऱ्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून माझं म्हणणं इथे सविस्तर मांडते. पटत नसेल त्यांनी जरूर खोडून काढावं.

माझं मत आधीच सांगून टाकते. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आज सगळ्यात मोठी तूट आहे ती ओला कचरा जिरवण्याची आणि सुका कचरा निवडण्याची. ती भरून काढल्यावर जे काही उरेल त्यावरून जाळण्याच्या क्षमतेचा आकडा ठरायला हवा. आपण आधी भट्टीचा आकडा ठरवतो आणि मग ती भरायला कचरा शोधतो. ही उलटी गंगा आहे.

कारण साधं आहे. आपल्या घरातल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त वाटा भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा यांचा. त्यात पाणी भरपूर. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे निम्मं पाणी असलेला एक किलो कचरा भट्टीत टाकला, तर ३०० किलोकॅलरी नुसतं पाणी उडवण्यात जातात. आपल्या मिश्र कचऱ्याची एकूण उष्णता बऱ्याचदा हजार-बाराशेच्या घरात असते. २०१६ च्या घनकचरा नियमांत किलोला १,५०० किलोकॅलरीच्या वरचा आणि पुनर्वापर न होणारा कचरा डेपोत पुरू नका, त्यातून ऊर्जा मिळवा असं म्हटलं होतं. हा नियम मला मान्य आहे. पण त्यातले "पुनर्वापर न होणारा" हे शब्द सगळे गिळून टाकतात.

दिल्लीत १९८७ साली तिमारपूरला डॅनिश तंत्रज्ञानाची भट्टी बसवली होती, रोज ३०० टनांची. आपल्या कचऱ्यात तिला लागणारी धगच नव्हती. चाचणीच्या टप्प्यातच ती बंद पडली. तंत्र चांगलं होतं, पण डेन्मार्कचा कचरा डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं होतं.

बरं, कचऱ्यात चांगलं जळतं ते काय? कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, कापड, करवंट्या. यातलं बरंचसं भंगारात विकलं जातं. त्यावर हजारो कष्टकरी बायकांची चूल पेटते. मग भट्टी धडधडती ठेवायची तर त्यांच्या हातातला माल तिच्यात घालायचा, किंवा ओला कचरा घालून वरून डिझेल जाळायचं. दोन्ही मला मान्य नाही.

---

माळावरचा

अनघाताई, तुमचं लिखाण नीट वाचलं. मी फुरसुंगीचा. तुम्ही शास्त्र सांगितलंत, मी वास सांगतो.

पुणे शहराचा कचरा आमच्या उरुळी-फुरसुंगीच्या खाणींत यायला लागला तेव्हा मी शाळेत होतो. आज माझी पोरं कॉलेजात आहेत. आमच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर चहाच्या रंगाचं व्हायचं, गुरंसुद्धा तोंड लावत नव्हती. गावाला टँकरचं पाणी. बहिणीच्या सोयरिकीला आलेली माणसं वास सहन न होऊन अर्ध्या तासात उठली, हे मी विसरू शकत नाही. २०१७ ला डेपोला आग लागली तेव्हा गाव रस्त्यावर बसलं, गाड्या अडवल्या, आणि मग शहराला कळलं की आपण रोज केवढा कचरा करतो.

"आधी वर्गीकरण, मग पुढचं" हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. शहराचं वर्गीकरण पूर्ण व्हायची वाट बघत आमची एक पिढी गेली. त्यामुळे कुणी म्हणालं की भट्टी टाकतो आणि उद्यापासून गाड्या तुमच्याकडे येणार नाहीत, तर मी हात वर करून हो म्हणेन. तुम्हाला धुराची भीती वाटते. आम्ही डेपोच्या आगीचा धूर काढलाय, त्याला ना चिमणी होती ना फिल्टर.

---

बॉयलरवाला

माळावरचा दादांचं म्हणणं काळजाला भिडलं.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली, आता सल्लागार म्हणून कामं करतो. ओलाव्याच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. बगॅसमध्ये पण ५० टक्के पाणी असतं, तरी ते झकास जळतं. किलोला २,२०० किलोकॅलरीच्या आसपास देतं. कारण ते एकसारखं असतं. उसाचा चोथा आज आहे तसाच उद्या. कचऱ्यात क्रेनच्या एका पंज्यात कलिंगडाची सालं येतात, दुसऱ्यात गादी, तिसऱ्यात बांधकामाची माती. ऑपरेटरला हवा किती सोडायची तेच कळत नाही. तापमान वरखाली झालं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि तिथूनच पुढची सगळी घाण तयार होते.

म्हणून चांगल्या प्रकल्पात कचरा थेट भट्टीत टाकत नाहीत. आधी मोठ्या बंकरमध्ये पाच-सहा दिवस ठेवतात. वरून क्रेनचा पंजा तो सारखा उचलून, खालीवर करून मिसळत राहतो आणि तळातून पाणी निथळतं. ते काळं पाणी म्हणजे लीचेट. त्याच्यासाठी वेगळा शुद्धीकरण प्रकल्प लागतो. पावसाळ्यात त्याचं प्रमाण इतकं वाढतं की बंकरचं नियोजन जुलै धरूनच करावं लागतं. टेंडरमधले कचऱ्याचे नमुने बहुधा कोरड्या दिवसांतले असतात, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसरी गोष्ट विजेची. साखर कारखान्यांचे नवे कोजन, म्हणजे वाफ आणि वीज दोन्ही देणारे, बॉयलर ११० बारपर्यंत दाबाचे आणि ५४० अंशांच्या वाफेचे असतात. कचऱ्याच्या भट्टीत ते जमत नाही. कचऱ्यात पीव्हीसी आणि मीठ असतं, त्यातून क्लोरीन निघतं, आणि ते सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या, नळ्या खाऊन टाकतं. म्हणून वाफ साधारण ४० बार, ४०० अंशांवरच ठेवतात. वीज त्या मानाने कमी मिळते. मोशीचे आकडे पाहा. १४ मेगावॉट पूर्ण क्षमतेने दिवसभर चाललं तर ३ लाख ३६ हजार युनिट. दिवसाला सरासरी ६८५ टन कचरा. म्हणजे टनाला फार तर ४९० युनिट, त्यातले काही प्रकल्पालाच लागणार. वाईट आकडा नाही, पण "शहर उजळेल" वगैरे भाषणात म्हणतात तसं काही नाही.

---

हिशेबतपासनीस

वीज हा मुद्दाच बाजूला ठेवा असं मी म्हणेन. कचऱ्याच्या विजेला वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर युनिटला सात रुपयांच्या वर होता. सौर विजेचे लिलाव अडीच-तीन रुपयांत होतात. तरीही २०१६ च्या वीजदर धोरणानुसार वितरण कंपन्यांना अशी वीज पूर्ण विकत घ्यावी लागते. म्हणजे फरक आपल्याच बिलात येतो. तो द्यायला माझी ना नाही. पण ती किंमत कचरा संपवण्याची आहे असं म्हणून द्यावी, आणि मग त्याच पैशात बायोगॅस किती झाला असता, निवड केंद्रं किती झाली असती, याच्याशी ती ताडून पाहावी.

खरी गोम करारात असते. मी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या लेखापरीक्षणात आयुष्य काढलं. भट्टीचं कर्ज फेडायला पंधरा-वीस वर्षं लागतात, म्हणून बँक विचारते की रोज इतका कचरा नक्की येणार ना. मग करारात किमान कचऱ्याची हमी येते. हमीपेक्षा कमी कचरा दिला तर पालिकेने भरपाई द्यायची. एकदा असं कलम लिहिलं गेलं की कचरा कमी करणं हा पालिकेचाच तोटा होतो. सोसायट्यांनी घरच्या घरी खत केलं, भंगारवाल्यांनी जास्त माल उचलला, तर तिकडे दंड. कुठल्या आयुक्ताला मग वर्गीकरणात रस उरेल? करार वाचताना मी आधी हे कलम शोधतो, क्षमतेचा आकडा नंतर.

---

सुमेधा_उत्तरेकडून

मी कोपनहेगनजवळ राहते. इथली आमागेर बाक्के नावाची भट्टी सगळ्यांनी फोटोत पाहिली असेल, जिच्या छतावरून लोक स्की करतात. भारतातून कुणी पाहुणे आले की तिथे जायचा आग्रह असतो, आणि परत जाताना "आपल्याकडे हे का नाही" हा प्रश्न ठरलेला. म्हणून दोन गोष्टी सांगते.

एक, इथली भट्टी वीज तर करतेच, पण तिचा मोठा फायदा उष्णतेचा आहे. डेन्मार्कमध्ये साठ टक्क्यांहून जास्त घरं शहरभर फिरणाऱ्या गरम पाण्याच्या नळांवर तापतात. भट्टीची उष्णता थेट लोकांच्या घरात जाते, त्यामुळे वाया जाणारं फार थोडं. पुण्यात जाळलं तर ही उष्णता कुणाला देणार? जवळ एखादा कारखाना वाफ घेत असेल तरच.

दोन, आणि हे पर्यटकांना कुणी सांगत नाही. इथे भट्ट्या गरजेपेक्षा जास्त झाल्या. स्वतःचा कचरा पुरेना म्हणून बाहेरून, ब्रिटनमधून वगैरे, जहाजाने कचरा आणून जाळावा लागला. त्यातल्या प्लास्टिकचा कार्बन मात्र डेन्मार्कच्या खात्यावर. २०२० मध्ये इथल्या पक्षांनी मिळून ठरवलं की २०३० पर्यंत जाळण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी कमी करायची. आता घराघरांत कचरा दहा प्रकारांत वेगळा करावा लागतो. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जागा उरलेली नाही, पण नियम पाळला जातो. वेल्स आणि स्कॉटलंडनेही मोठ्या नव्या भट्ट्यांना लगाम घातला आहे. जे देश या वाटेवर आपल्या कितीतरी आधी गेले ते आता मागे फिरताहेत, हे बघून तरी आपण घाई करू नये.

---

तिसरा_मजला

पण सिंगापूर? जपान? त्यांच्याकडे जागाच नाही, ते जाळतातच की. मुंबईला तरी कुठे जागा आहे? देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. मुलुंड बंद झालं. कांजुरमार्गवरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत. मुंबईचा रोजचा सहा-सात हजार टन कचरा तुम्ही कुंड्यांमध्ये खत करून जिरवणार आहात का? ताई, मनापासून विचारतोय, टोमणा नाही.

---

अनघा_द

तिसरा_मजला, प्रश्न रास्त आहे. मुंबईसाठी माझं उत्तर पुण्यापेक्षा वेगळं आहे. जागेची अडचण खरी आहे आणि तिथे काही प्रमाणात जाळणं मला समजू शकतं. पण सिंगापूरचंच पुढे पाहा. तिथे जाळलेल्याची राख जहाजाने सेमाकाऊ बेटावर नेऊन टाकतात, आणि सगळं जाळूनही ते बेट २०३५ च्या सुमारास भरेल असा त्यांचाच अंदाज आहे. म्हणून त्यांना आता कचरा कमी करण्याच्या मागे लागावं लागलंय. जाळून वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा राख म्हणून उरतो. आपल्याकडे रस्त्याची झाडलोट, माती, रेती कचऱ्यात जाते त्यामुळे जास्तच. ७०० टनांची भट्टी म्हणजे रोजची दीडशे टनांच्या आसपास राख. ती टाकायला डेपो लागणारच.

जपानचं म्हणाल तर तिथे कुणी चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी ठेवली तर ती तिथेच राहते. भट्टीत जाणारा कचरा आधीच निवडलेला असतो.

आणि कुंड्यांचं. सहा हजार टन कुंडीत जिरणार नाहीत हे मलाही मान्य आहे. ओल्या कचऱ्याला मोठे बायोगॅस प्रकल्प लागतील, हॉटेलांचा आणि मंडयांचा कचरा सगळ्यात आधी, कारण तो एका जागी आणि स्वच्छ मिळतो. पुण्यात प्रभागांमध्ये पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प उभारले गेले. त्यातले कित्येक नीट चालले नाहीत, बंद पडले. त्यांना शुद्ध ओला कचरा मिळाला नाही, देखभालीला माणूस नव्हता. हे अपयश मी लपवत नाही. पण भट्टीला ३०० कोटी मिळतात, तेव्हा बायोगॅसच्या देखभालीला किती मिळाले हेही विचारायला नको का?

माळावरचा, तुमच्या प्रतिसादाला वेगळं उत्तर देते, ते घाईत नको.

---

गोवंडीचा

मुंबईचं नाव निघालं म्हणून लिहितो. देवनारचा डोंगर माझ्या खिडकीतून दिसतो. जानेवारी २०१६ ची आग आठवते ना? शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या एम-पूर्व विभागात आधीच डेपो, त्यात दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टी वस्तीला खेटून. तिच्याविरुद्ध लोक उच्च न्यायालयापर्यंत गेले तेव्हा कुठे ती हलवायचं ठरलं. आता घरगुती कचऱ्याची भट्टीही इथेच.

मला तांत्रिक काही कळत नाही. मला एवढंच दिसतं की डेपो असो वा भट्टी, जागा नेहमी आमचीच सापडते. भट्टी एवढी स्वच्छ असेल तर तिची चर्चा मलबार हिलसाठी का होत नाही? कोपनहेगनमध्ये शहराच्या आत आहे म्हणता.

---

सुमेधा_उत्तरेकडून

हो, शहरातच आहे. आणि धुरात काय चाललंय ते लोक विचारतात आणि उत्तर मिळतं. गोवंडीच्या दादांचा प्रश्न या धाग्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

---

बॉयलरवाला

धुराबद्दल. नीट चालवलेली भट्टी आणि कशीबशी चालवलेली भट्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ८५० अंशांच्या वर वायू किमान दोन सेकंद राहिला तर डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन मोडतं. आपल्या २०१६ च्या नियमांत तर दुसऱ्या कक्षात ९५० अंश सांगितले होते आणि डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे युरोपइतकीच कडक. पण धूर थंड होताना, साडेचारशे ते दोनशे अंशांच्या दरम्यान, डायॉक्सिन पुन्हा तयार होतं. म्हणून तो झटकन थंड करायचा, त्यात सक्रिय कोळशाची पूड आणि चुना मारायचा आणि बॅग फिल्टरमधून काढायचा. ही पूड आणि पिशव्या महाग असतात. खर्च कापायचा झाला की पहिली काटछाट तिथेच होते.

आणि गेटवरच्या पाटीवर धूळ, सल्फर, कार्बन मोनॉक्साइड यांचे आकडे सतत दिसतात. डायॉक्सिनचे दिसत नाहीत, कारण त्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तो घेतात भट्टी व्यवस्थित चालू असताना. सगळ्यात वाईट धूर निघतो भट्टी पेटवताना आणि बंद करताना. कचरा ओला असला की भट्टी वारंवार बंद पडते. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. दिल्लीत ओखल्याची भट्टी सुखदेव विहारच्या वस्तीला लागून आहे, तिथले लोक अनेक वर्षं न्यायालयांत झगडताहेत ते उगाच नाही.

---

वर्षा_वस्ती

मी कचरावेचक बायकांच्या संघटनेबरोबर काम करते. पुण्यात १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली आणि त्यातूनच पुढे २००८ ला "स्वच्छ" ही सहकारी संस्था पालिकेबरोबर करार करून दारोदार जायला लागली. भट्टीची चर्चा होते तेव्हा या बायका त्या चर्चेत कुठेच नसतात, म्हणून लिहिते.

आमच्या शेडमध्ये एकदा येऊन बघा. एक मावशी पोत्यातून प्लास्टिक काढतात, हातात चुरगाळतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात की ही पिशवी या ढिगात, ती त्या ढिगात. कडकड वाजलं की वेगळं, मऊ आवाज आला की वेगळं. दुधाची पिशवी निराळी, कॅरीबॅग निराळी, तेलाची पिशवी निराळी. बाटल्यांची बुचं वेगळी काढतात, कारण त्यांचा भाव वेगळा. पुठ्ठा भिजला असेल तर उन्हात पसरतात, ओल्या पुठ्ठ्याला भंगारवाला वजन कापतो. हे कौशल्य कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मशीनने निवडायचं तर त्याला कोट्यवधी लागतात आणि तरी भिजका, चिकटलेला माल मशीनला ओळखू येत नाही.

आता भट्टीसाठी कॉम्पॅक्टर आला की काय होतं? गाडी थेट सोसायटीतून सगळं एकत्र दाबून घेऊन जाते. पुठ्ठा आणि भाजी एकत्र दाबली की पुठ्ठा मेला. त्या दिवशी मावशीच्या हातात येतं ते फक्त वेफर्सची पाकिटं आणि चिंध्या, ज्याला कुणी विचारत नाही. म्हणजे भट्टीला जायला हवं ते बाईकडे राहतं, आणि बाईकडे राहायला हवं ते भट्टीत जातं.

माझा जाळण्याला सरसकट विरोध नाही. पण आधी हात फिरू द्या, मग उरलेलं न्या.

---

डॉ_मनीषा

वर्षाताईंना अनुमोदन. दवाखान्याच्या कचऱ्याबाबत एक गल्लत होऊ नये म्हणून लिहिते. पिवळ्या पिशवीतला कचरा, म्हणजे शस्त्रक्रियेतले अवयव, रक्ताने भिजलेला कापूस, मुदत संपलेली काही औषधं, हा जाळावाच लागतो. नियमही तसाच आहे. तिथे क्षमता पुरेशी असली पाहिजे, यात दुमत नको. प्रश्न फक्त जागेचा आणि देखरेखीचा.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचा प्रश्न मात्र घरगुती कचऱ्यातच येतो. पुण्यात कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या अशी मोहीम झाली, म्हणजे वेचणाऱ्या बाईला हातात घेण्याआधी कळेल. किती जणी करतात? माझ्या दवाखान्यात मी प्रत्येकीला सांगते. आणि शाळा-हॉस्टेलमध्ये बसवलेली ती छोटी विजेची पॅड जाळायची यंत्रं कृपा करून बंद करा. त्यांना ना पुरेसं तापमान गाठता येतं, ना धुराला फिल्टर. स्वच्छतागृहात मुली तो धूर श्वासात घेतात.

---

साळगांवचो

गोव्यातून. आमच्या साळगावला २०१६ पासून प्रकल्प आहे. ओल्यापासून बायोगॅस आणि त्यापासून वीज, सुकं निवडून गठ्ठे. ज्याला गिऱ्हाईक नाही असे गठ्ठे कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना जातात. वेगळी भट्टी बांधली नाही. परिपूर्ण आहे असं म्हणणार नाही, वासाच्या तक्रारी आहेत आणि गठ्ठे नेण्याचा खर्च सरकारच्या अंगावर येतो. पण सिमेंटच्या भट्टीत माल १,४५० अंशांपर्यंत तापतो, आणि राख सिमेंटमध्येच मिसळते, वेगळा ढीग उरत नाही. ती भट्टी तशीही कोळशावर चालूच आहे.

---

हिशेबतपासनीस

साळगांवचो, हा मुद्दा फार कामाचा. २०१६ च्या नियमांतही होतं की आरडीएफ, म्हणजे सुक्या कचऱ्यापासून केलेलं इंधन, बनवणाऱ्या प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आत इंधन वापरणारे उद्योग असतील तर त्यांनी किमान ५ टक्के इंधन आरडीएफचं वापरावं. आपली मोठी सिमेंटची भट्ट्यांची रांग चंद्रपूरकडे, गडचांदूर-घुग्घुसच्या पट्ट्यात. विदर्भातल्या शहरांना हा मार्ग सरळ आहे. पुण्या-मुंबईहून तिकडे गठ्ठे नेणं म्हणजे वाहतूकच जड. तरी नवी भट्टी बांधण्याआधी या वाहतुकीचा खर्च आणि भट्टीचा खर्च शेजारी शेजारी मांडलेला मला एकाही प्रस्तावात दिसलेला नाही.

---

कोकणकडा

वेंगुर्ल्याचं कुणी बोललं नाही अजून. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे कचरा वीस-पंचवीस प्रकारांत वेगळा व्हायला लागला, जुन्या डेपोच्या जागी लोक फिरायला जाऊ लागले. मी स्वतः तिथे जेवलोय, वास नाही, माशी नाही.

---

तिसरा_मजला

वेंगुर्ला बारा-तेरा हजारांचं गाव. मुंबईत एका वॉर्डात त्याच्या पन्नासपट माणसं.

---

कोकणकडा

मग मुंबईने प्रभागाप्रभागाने करावं. वेंगुर्ल्यात पैसा जास्त नव्हता, एक अधिकारी रोज सकाळी गाडीबरोबर फिरत होता. ते मुंबईत का होऊ नये?

---

अनघा_द

माळावरचा, तुमचा प्रतिसाद मी अनेकदा वाचला. तुम्ही हो म्हणाल याचं मला आश्चर्य वाटत नाही. ज्यांनी तीसेक वर्षं दुसऱ्याचा कचरा सोसला त्यांना "अजून थांबा" म्हणण्याचा अधिकार मला नाही. म्हणून मी थांबा म्हणत नाही. मिश्र कचरा तुमच्याकडे येणं आज बंद व्हायला हवं, भट्टी असो वा नसो.

पण एक सांगायला हवं. तिथे आज जो डोंगर आहे तो कुठल्याही भट्टीत जळणार नाही. जुन्या कचऱ्यात माती आणि कुजून झालेला भुगा इतका असतो की त्याला धग नाही. त्याला बायोमायनिंगच करावं लागतं, म्हणजे उकरायचं, चाळायचं, माती वेगळी, दगड वेगळे, प्लास्टिक वेगळं. तेव्हा भट्टीच्या भाषणात कुणी तुम्हाला "डोंगर जाईल" असं सांगितलं तर त्यावर विसंबू नका. दिल्लीत भट्ट्या अनेक वर्षं चालू आहेत आणि गाझीपूरचा डोंगर उभा आहे.

आणि मला जाळण्याची क्षमता शून्य नको आहे. निवड झाल्यावर उरणारी बहुपदरी पाकिटं, फोम, चपला, रेक्झिन, घाणेरडं कापड यांचं काहीतरी करावंच लागेल. माझा अंदाज आहे की नीट निवड झालेल्या शहरात हा भाग एकूण कचऱ्याच्या बराच लहान असतो. त्याला पुरेल एवढी, कोरडा माल जाळणारी, लहान क्षमता, किंवा सिमेंटच्या भट्ट्या. ७०० टनांच्या आणखी चार भट्ट्या मात्र नकोत.

---

माळावरचा

ताई, सरळ उत्तर दिलंत, बरं वाटलं. डोंगर जळत नाही हे मला माहीत नव्हतं. आम्हाला गावात वेगळंच सांगितलं गेलं होतं.

पण तुमच्या वरच्याच प्रतिसादात दीडशे टन राखेचं लिहिलंय. ती कुठे जाणार?

---

बॉयलरवाला

खालची राख, म्हणजे जाळीवरून पडणारी, तपासून, लोखंड काढून रस्त्याच्या भरावात किंवा विटांत वापरता येते, काही देशांत वापरतात. बॅग फिल्टरची बारीक राख मात्र धोकादायक. तिच्यात शिसं, कॅडमियम आणि पकडलेलं डायॉक्सिन असतं. ती अस्तर घातलेल्या वेगळ्या खड्ड्यातच पुरायची असते. कोणता खड्डा, ते प्रकल्पाच्या कागदात लिहिलेलं असलं पाहिजे. बऱ्याचदा मोघम लिहिलेलं असतं.

---

चिंचवडकर_सु

आमच्याकडे प्रकल्प झालेलाच आहे, त्यामुळे "हवा की नको" हा काळ गेला. पुढच्या वेळी क्षमता वाढवायचा प्रस्ताव आला आणि हरकती-सूचना मागवल्या तर नेमकं काय लिहून द्यायचं? मला चार ओळीत सांगा, मी सोसायटीतून सह्या गोळा करते.

---

अनघा_द

चिंचवडकर_सु, हे लिहा. कचऱ्याची तपासणी जुलै-ऑगस्टमध्येही केलेली असावी, ओलावा आणि उष्मांक महिन्यागणिक दाखवावा. करारातलं किमान कचऱ्याच्या हमीचं कलम आणि भरपाईचं सूत्र जाहीर करावं. वेचक संस्थांनी हात फिरवल्याशिवाय एकही गाडी प्रकल्पात जाऊ नये, आणि त्यासाठीची शेड प्रकल्पाच्या खर्चातच धरावी. डायॉक्सिनचे अहवाल, भट्टी पेटवतानाच्या दिवसांसह, मराठीत गेटवर लावावेत. सध्याच्या क्षमतेपैकी सरासरी किती वापरली जाते ते सांगितल्याशिवाय वाढीचा विचारच करू नये, हेही सुरुवातीलाच घाला.

---

माळावरचा

आणि माझी एक ओळ घाला. राख कोणत्या गावाच्या हद्दीत, कोणत्या गट नंबरमध्ये पुरणार, ते नाव घालून लिहा, आणि त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा. ठराव नसेल तर प्रस्ताव परत. तुमचा मजकूर तयार झाला की इथे टाका ताई, आमच्याकडूनही सह्या देतो.